चार बोटं खाली

आमच्या शेजारणीला तिच्याच ट्रकमध्ये चढता येईना, म्हणून आम्ही ट्रकच खाली आणला. अमेरिकेत चँडलरला राहिलो त्या वर्षांतलं मला सगळ्यात जास्त आनंदानं काय आठवतं, तर हे.

ट्रक म्हणजे आपल्याकडचा मालवाहू नव्हे. पुढे तिघांना बसायला सलग बाक आणि मागे उघडा हौदा असलेली पिकअप. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, पिस्त्याच्या रंगाची, छत पांढरं. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत गंज चढत नाही, पण ऊन रंग खातं. बॉनेटवरचा पिस्ता मधोमध विटून ताकासारखा झाला होता. शेजारणीच्या नवऱ्यानं ती गाडी नवी कोरी घेतली होती आणि जाईपर्यंत दुसरी चालवली नव्हती. तो गेल्यावर गाडी तिच्याकडे आली, आणि सत्तरीच्या घरातली ही बाई बाजारहाट, चर्च, बहिणीचं घर, सगळीकडे त्या धुडातून हिंडायची. शाळेच्या लायब्ररीतून निवृत्त झालेली, मेक्सिकन घरातली, ठेंगणी आणि आवाजानं भरभक्कम. मला ती ‘मिहा’ म्हणायची. स्पॅनिशमध्ये ‘पोरी’.

मी तेव्हा घरीच होते. नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत, माझा व्हिसा त्याच्यावर अवलंबून, त्यामुळे मला नोकरी करायची परवानगी नव्हती. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी गाड्यांच्या सस्पेन्शनची, म्हणजे चाक आणि सांगाडा यांच्यामधल्या स्प्रिंगा-दांड्यांची, ड्रॉइंग करायचे. कॉम्प्युटरवर असे शेकडो दांडे काढले असतील, पण एकाही गाडीखाली कधी झोपले नव्हते. चँडलरला आल्यावर तर कॉम्प्युटरही सुटला. दुपारी अंगणातल्या ग्रेपफ्रूटच्या झाडाखाली पडलेली फळं गोळा करायची आणि कोणाला द्यायची याचा विचार करत बसायचं, असे दिवस होते. शेजारणीला मी तीच फळं पहिल्यांदा नेऊन दिली. तिच्याही अंगणात तेच झाड होतं. ती हसली, माझी पिशवी घेतली आणि तिच्या झाडाची भरून परत दिली.

त्या उन्हाळ्यात तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं. काठी घेऊन ती घरात, अंगणात हिंडायला लागली, पण गाडीचं दार उघडलं की अडायची. पाय तेवढा वर जाईना. एका सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर तिनं स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दारापाशी ठेवलं होतं आणि त्यावर एक पाय देऊन ती स्टिअरिंगला लोंबकळत होती. मी पळत गेले. स्टूल कलंडलं, ती माझ्या अंगावर आली, आणि आम्ही दोघींनी कारपोर्टच्या, म्हणजे गाडीच्या छपराखालच्या, फरशीवर बसकण मारली. कुणाला लागलं नाही. ती मात्र स्टुलाला स्पॅनिशमध्ये जे काय बोलली त्याचा अर्थ मी विचारला नाही.

“पुतण्या म्हणतो, विकून टाक आणि छोटी कार घे,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काय. मी त्याला म्हटलं, तू तुझी बायको विकून छोटी घे.”

हसून झाल्यावर ती बराच वेळ गाडीच्या दाराकडे बघत राहिली. तिला खरंच वाईट वाटत होतं. मी फरशीवरच बसले होते, त्यामुळे माझी नजर पुढच्या चाकाच्या आत गेली. तिथले दोन आडवे दांडे, मध्ये जाडजूड स्प्रिंग, चाक धरून ठेवणारा लोखंडी हात. माझ्या ड्रॉइंगमधले सगळे पाहुणे तिथे धुळीत बसले होते. मी म्हटलं, “तुम्हाला वर चढता येत नसेल तर गाडी खाली आणता येईल.”

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मला वाटलं आपण काहीतरी वाईट बोललो. मग कळलं. तिच्या दिरांनी सगळ्यांनी तरुणपणी आपापल्या गाड्या जमिनीला टेकतील इतक्या खाली आणल्या होत्या. रविवारी त्या गाड्या गोगलगायीच्या चालीनं गल्लीतून निघायच्या, गाणी लावून. तिला ते फार आवडायचं. नवऱ्याला मुळीच नाही. त्याचं म्हणणं, ट्रक हा कामाचा प्राणी आहे, त्याला गुडघ्यावर बसवायचं नसतं. या एका गोष्टीवरून त्यांचं लग्नभर भांडण चाललं होतं.

“आता डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणू या,” ती म्हणाली. “त्याला वर कळेल ते कळेल.”

गाडी पुढून खाली आणायचे दोन-तीन मार्ग असतात. सगळ्यात सोपा म्हणजे स्प्रिंग कापून आखूड करायची. तिच्या धाकट्या दिरानं फोनवर तोच सुचवला. पण कापलेली स्प्रिंग कडक होते, आणि खड्ड्यात चाकाला वर जायला जागा उरत नाही. प्रत्येक दणका सरळ शेजारणीच्या नव्या खुब्यात गेला असता. मी दोन दिवस कागदावर आकृत्या काढल्या. ते दोन दिवस नवरा घरी आला की मी त्याला जेवणाआधी दांड्यांचे कोन समजावून सांगायचे. तो म्हणाला, “यार, तू किती दिवसांनी एवढं बोलतेयस.”

शेवटी ठरलं ते असं: चाक ज्या लोखंडी हातावर फिरतं त्याला स्पिंडल म्हणतात. बाजारात असे स्पिंडल मिळतात ज्यांच्यावर चाकाचा दांडा मूळ जागेपेक्षा वर बसवलेला असतो. चाक तर जमिनीवरच राहणार. मग दांडा वर गेला की बाकीची गाडी तेवढी खाली येते. स्प्रिंग तशीच, चाल तशीच मऊ. जेमतेम चार बोटांचा फरक पडणार होता, पण मी तिच्या पायाखाली पुस्तकं रचून मोजून घेतलं होतं. चार बोटं पुरेशी होती. शेजारणीनं फोन करून स्पिंडलची जोडी मागवली. खोकं आलं तेव्हा तिनं ते बारशातल्या बाळासारखं मांडीवर घेतलं, आणि वजनानं लगेच खाली ठेवलं.

नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आल्या. पहिल्यांदाच देशाबाहेर. मला धास्ती होती की सून ऑइलनं माखलेली बघून त्या काय म्हणतील. पहिल्या सकाळी मी नवऱ्याची जुनी पँट घालून निघाले, तर त्यांनी विचारलं, “कुठं गं?”

“शेजारी. गाडीचं काम आहे, आई.”

“मी इथं भिंती बघत बसू का? थांब, स्वेटर घालते.”

आणि त्या आल्या. नऊवारीवर स्वेटर, पायात माझ्या नवऱ्याचे पांढरे बूट. शेजारणीनं त्यांना हाताला धरून बागेतल्या खुर्चीवर बसवलं, कॉफी दिली, दोघींनी आपापल्या भाषेत एकमेकींची विचारपूस केली आणि दोघींना सगळं समजल्यासारखं वाटलं. थोड्या वेळानं सासूबाईंनी खुर्ची उचलून गाडीजवळ आणली आणि टॉर्च स्वतःच्या ताब्यात घेतला.

गाडी जॅकवर घेतली, लोखंडी घोड्यांवर टेकवली. चाक काढलं. ब्रेक सोडवून तारेनं वर बांधून ठेवला, म्हणजे त्याची नळी ताणली जाऊ नये. स्टिअरिंगचा दांडा सोडवला. स्प्रिंग दाबून धरण्यासाठी खालच्या दांड्याखाली जॅक लावून ठेवला. पुस्तकात वाचलं होतं तसंच सगळं चाललं होतं. मग आला बॉल जॉइंट. स्पिंडल वरच्या आणि खालच्या दांड्याला ज्या गोळीच्या सांध्यानं जोडलेला असतो, तो सांधा निमुळत्या भोकात घट्ट बसतो. आणि हा तर तीस-पस्तीस वर्षं बसला होता. नट सैल केला, पण सांधा हलेना. मी हातोडा मारला. शेजारणीनं मारला. तिनं खुर्चीत बसून मारला, कारण वाकता येत नव्हतं. मग मी पुन्हा.

“त्याला हळू सांगून बघ,” सासूबाई म्हणाल्या.

“कुणाला?”

“लोखंडाला. नाहीतर जोरात मार. हे मधलं मधलं काय चाललंय?”

शेजारणीनं विचारलं, त्या काय म्हणाल्या. मी सांगितलं. ती इतकी हसली की काठी खाली पडली. मी मोठा हातोडा घेतला, पाय रोवले आणि कारखान्यातला कंटाळा, व्हिसा, रिकाम्या दुपारी, सगळं त्या एका घावात घातलं. बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला. सासूबाईंच्या हातातून टॉर्च उडाला. क्षणभर आम्हाला कळेना, गाडी पडली की काय. नाही. सांधा सुटला होता. आम्ही तिघी ओरडलो. समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला तो अर्धा तास थांबला नाही.

दुसरी बाजू त्या मानानं बरी गेली. हात बसला होता, आणि आता मारायला भीती वाटत नव्हती. नवे स्पिंडल बसवले, ब्रेक परत लावले, नट ठरलेल्या जोरानं आवळले, त्यात खिळ्यासारख्या पिना घातल्या. सगळं दोनदा तपासून मी जॅक हळूहळू सोडला. गाडी खाली आली, आणि आणखी खाली आली. म्हातारं माणूस सावकाश खुर्चीत टेकावं तशी ती बसली.

आम्ही मागे सरकून बघितलं. पुढचं नाक जमिनीकडे, मागचा हौदा उंच.

“मारकी म्हैस,” सासूबाई म्हणाल्या. मी भाषांतर केलं. ते शेजारणीला पटलं. मागची बाजू पुढच्या महिन्यात आखूड स्प्रिंगा घालून उतरवायची असं तिथंच ठरलं, आणि ती आम्ही उतरवलीही. पण त्या दिवशी मला वेगळंच काहीतरी खुपत होतं. गाडी एका अंगाला झुकली होती. ड्रायव्हरच्या बाजूनं बोटभर खाली. मी टायरची हवा तपासली. फरशीचा उतार तपासला. स्पिंडल उलटसुलट तर बसवले नाहीत ना म्हणून परत आत घुसले. सगळं ठीक होतं. मग दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा मोजल्या आणि कळलं. डावीकडची, म्हणजे तिथे ड्रायव्हर बसतो त्या बाजूची, स्प्रिंगच बसकी झाली होती. आधीही गाडी झुकलेलीच असणार, पण उंचीवर कुणाच्या डोळ्यांत आलं नव्हतं.

“स्प्रिंग अशी का बसते?” शेजारणीनं विचारलं.

“वजनानं. वर्षानुवर्षं एकाच बाजूला भार असला की.”

मग तिनं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या सीटच्या खळग्यावर हात ठेवला. तिचा नवरा मोठा दांडगा माणूस होता, हे मी फोटोत पाहिलं होतं. तो त्या जागी तीसेक वर्षं बसला होता, बहुतेक वेळा एकटाच. ती शेजारी बसायची ती चिमणीएवढी.

“म्हणजे तो अजून बसलाय तिथं,” ती म्हणाली.

सासूबाईंना मी हळूच मराठीत सांगितलं. त्यांनीही चार वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांना पोहोचवलं होतं. त्या उठल्या, शेजारणीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आमच्याकडं पलंगाचं तसंच झालंय. मी त्या खळग्यात लोळत जाते रात्रभर.” मी ते इंग्रजीत सांगितलं, आणि शेजारण डोळे पुसता पुसता हसायला लागली. सासूबाईही. कितीतरी वेळ त्या दोघी दाराला धरून हसत होत्या, आणि मी मध्ये दुभाषी, मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

“ठेवायची का तशीच?” मी विचारलं.

“छे!” शेजारण म्हणाली. “आयुष्यभर त्याच्या बाजूला कलून बसले. आता मला सरळ बसायचंय. काढ.”

म्हणून दोन्ही पुढच्या स्प्रिंगा नव्या मागवल्या, मूळच्यापेक्षा किंचित आखूड, पण कापलेल्या नव्हेत, तेवढ्याच मऊ. हे काम मात्र खेळ नव्हतं. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात-पाय मोडून जाते. त्या शनिवारी मी नवऱ्याला कामाला लावलं. स्प्रिंगमधून साखळी ओवून ती सांगाड्याला बांधली, सासूबाईंना आणि शेजारणीला भिंतीमागे उभं केलं, आणि नवऱ्याला सांगितलं, मी म्हणेन तेव्हाच जॅक सोडायचा, मी म्हणेन तेवढाच. घरात साधा नळ दुरुस्त करायचा तरी आमच्यात वाद व्हायचा. त्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही. “अजून?” एवढंच विचारायचा, आणि मी “थोडं” म्हणायचे. स्प्रिंग हळूहळू ताण सोडत लांब होत गेली आणि शेवटी माझ्या हातात सैल आली. भिंतीमागून टाळ्या वाजल्या. नवऱ्यानं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, “ऑफिसमध्ये मला कुणी इतकं घाबरवत नाही.”

बसकी स्प्रिंग शेजारणीनं फेकू दिली नाही. धुऊन घराच्या मागच्या दारापाशी उभी केली आणि तिच्यावर कोरफडीची कुंडी ठेवली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती बाहेर आली. कपडे बदलून, लिपस्टिक लावून. मी गाडीच्या खिडकीशेजारच्या खांबाला धरायला एक मूठ बसवली होती, ती तिनं हलवून बघितली. काठी आत टाकली. पाय उचलला. मी हात पुढे केला, तर तिनं तो बाजूला सारला. पाय फुटबोर्डाच्या कडेला जरासा घासला, आत गेला, आणि मग ती सगळीच आत गेली, एका दमात. दार ओढून घेतलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसली. आम्ही तिघं बाहेर उभे.

मग तिनं काच खाली केली. “काय बघताय? बसा!”

नवरा मागच्या हौद्यात बसू म्हणाला, तर तिनं दटावून त्याला घरी पाठवलं. सासूबाई मध्ये, मी दाराशी. गल्लीत दोन चकरा झाल्या. स्टिअरिंग थोडं डावीकडे ओढत होतं, त्यासाठी सोमवारी चाकांचा कोन नीट करून आणावा लागला. पण चाल मऊ होती. मी कान लावून बसले होते, कुठे काही घासतंय का, वाजतंय का. काही वाजत नव्हतं. मी कागदावर काढलेली गोष्ट पहिल्यांदा माझ्या बुडाखाली चालत होती. कारखान्यातली माझी कितीतरी ड्रॉइंग कुठल्या कुठल्या गाड्यांत गेली असतील, मला कधी कळलंही नाही. या गाडीत मी बसले होते.

मागची बाजूही उतरल्यावर, हिवाळा संपता संपता तिच्या दिरानं आम्हाला एका बागेत बोलावलं. तिथं रविवारी जुन्या गाड्यावाले जमायचे. रंगीत, चकाकणाऱ्या, पोटं जमिनीला टेकलेल्या गाड्या. शेगड्यांवर मांस भाजलं जातंय, पोरं पळतायत. त्यांच्यात आमची विटक्या रंगाची पिकअप अगदीच साधी दिसत होती. पण लोक आले. या लोकांची रीतच अशी की आधी गाडीखाली वाकून बघायचं, मग नमस्कार. एक मिशाळ गृहस्थ गुडघ्यावर बसून पुढच्या चाकाआड बराच वेळ डोकावले. उठून म्हणाले, “नीट काम आहे. कुठल्या गॅरेजमध्ये केलं?”

शेजारणीनं आधी माझ्याकडे बोट केलं, मग सासूबाईंकडे. सासूबाई तेव्हा घडीच्या खुर्चीवर बसून मीठ-तिखट लावलेलं कणीस खात होत्या. त्यांना वाटलं कणसाबद्दल विचारतायत. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, “व्हेरी गुड.” ते गृहस्थ इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या गाडीची दोन्ही दारं उघडून त्यांना आत बसवलं आणि सगळ्या बागेला चक्कर मारून आणलं. परत आल्यावर त्या मला म्हणाल्या, “हिचं बसणं आपल्याइतकं चांगलं नाही हो. दणके लागतात.”

मला हसू आवरेना, कारण ते खरं होतं. त्यांनी स्प्रिंगा कापल्या होत्या.

दिराला मात्र आमची गाडी अजून उंचच वाटली. “वहिनी, अजून सहज चार बोटं उतरेल,” तो म्हणाला.

“मला चढायचं होतं, रांगायचं नव्हतं,” ती म्हणाली, आणि ताटलीतलं शेवटचं मांस त्याच्या हातून काढून घेतलं.

सासूबाई उन्हाळ्याच्या तोंडाशी मिरजेला परतल्या. त्यानंतर त्यांच्या प्रत्येक फोनमध्ये मुलाची चौकशी आधी आणि शेजारणीची नंतर, की उलट, यावरून नवरा मला चिडवायचा. मी आणि शेजारण शनिवारी सकाळी काही ना काही उघडून बसायचो. कधी ब्रेक, कधी कार्ब्युरेटर, कधी नुसतीच कॉफी.

दोन वर्षांनी नवऱ्याची बदली देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅरीला झाली. भाड्याच्या ट्रकमध्ये सामान भरून आम्ही निघालो त्या सकाळी शेजारण आधीच गाडी काढून रस्त्यावर उभी होती. “हायवेपर्यंत मी पुढे चालते,” ती म्हणाली. “तुमच्या नकाशाचा मला भरवसा नाही.” आणि ती निघाली, तिच्या त्या संथ, रविवारच्या चालीनं. मागे गाड्यांची रांग लागली, कुणी हॉर्न वाजवला, तिनं खिडकीतून हात काढून पुढे जा म्हणून खुणावलं आणि वेग काही वाढवला नाही. नवरा हसत होता. मी समोरच्या काचेतून तिचा पांढरा टप बघत होते. सरळ, कुठल्याही अंगाला न झुकलेला. हायवेच्या चढणीपाशी ती कडेला थांबली. आम्ही शेजारून गेलो तेव्हा तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवरून सोडून, लहान मुलासारखे, जोरजोरात हलवले.